ताठरतेच्या तक्रारीचा इतिहास : न्यायालयापासून दवाखान्यापर्यंत

आजचा विषय आहे पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणं, किंवा आलेली न टिकणं. या तक्रारीची कारणं माणसांनी कशी शोधली, आणि ती तपासायची कशी हे कसं ठरवलं, याचा इतिहास आपण आज बघणार आहोत. विषय चारचौघांत काढायला अवघड वाटतो, पण तो न बोलण्याची किंमत मोठी आहे. ती किती मोठी, हे शेवटाकडे आपल्या लक्षात येईल.

आधी शब्दांचं बघू. मराठीत आपल्याकडे शब्द कोणते आहेत? नपुंसक, षंढ, क्लीब. तिन्ही शब्द आजाराचे कमी आणि शिवीचे जास्त. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला क्लैब्य सोडायला सांगतो, तिथे शरीराचा संबंधच नाही, धैर्याची गोष्ट चालली आहे. म्हणजे शरीराची एक अडचण आणि माणसाचा भित्रेपणा, दोन्हींना एकच शब्द. असं झालं की आजारी माणूस वैद्याकडे जात नाही, तोंड लपवतो. इंग्रजीतही फार वेगळं नव्हतं. तिकडेही जुना शब्द 'इम्पोटन्स', म्हणजे शक्तिहीनता, हाच होता. तो बदलायला १९९२ साल उजाडावं लागलं. त्यावर आपण येऊच.

दुसरी एक गल्लत आत्ताच दूर करू. इच्छा नसणं, ताठरता नसणं, वीर्यपतन लवकर होणं आणि मूल न होणं, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ताठरता उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसू शकतात आणि ताठरता नसलेल्या पुरुषाचे शुक्राणू अगदी व्यवस्थित असू शकतात. आपल्या समाजात या चारही गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या आणि मूल झालं नाही की दोष मात्र बाईच्या माथी. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

जुने वैद्य काय म्हणत होते?

आयुर्वेदाची आठ अंगं मानली जातात, त्यातलं एक वाजीकरण. पण नुसती औषधांची यादी देऊन हे वैद्य थांबले नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याची चार कारणं वेगळी केली आहेत : बीजाचा बिघाड, लिंगाचाच बिघाड, म्हातारपण आणि शुक्राचा क्षय. सुश्रुतसंहितेत सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यात मनामुळे होणारा प्रकार आहे, मर्मावर घाव बसल्यामुळे होणारा आहे, जन्मजातही आहे. आता बघा, मन, इजा, वय, जन्मजात दोष. आजच्या पाठ्यपुस्तकातही कारणांचं वर्गीकरण करताना हे खाने येतातच. तपासणीची साधनं त्यांच्याकडे नव्हती, शरीराच्या आत काय घडतं याची कल्पनाही वेगळी होती. पण 'कारणं अनेक असतात, म्हणून आधी कारण वेगळं करा' ही शिस्त त्यांच्याकडे होती.

ग्रीसमध्येही असंच काहीसं दिसतं. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि प्रदेश या विषयावरच्या ग्रंथात सिथियन लोकांचं वर्णन आहे. या घोडेस्वार लोकांत अनेक पुरुषांना ही तक्रार होती आणि ते लोक तिला देवाचा कोप मानत. लेखक म्हणतो की हा आजार इतर आजारांहून अधिक दैवी नाही. त्याला यात घोड्यावरचा सततचा प्रवास दिसतो. पुरावा काय, तर घोडे बाळगू शकणाऱ्या श्रीमंतांनाच हा त्रास जास्त. देवाचा कोप असता तर नवस न फेडू शकणाऱ्या गरिबांवर आधी झाला असता! दोन हजार वर्षांहून जुना हा युक्तिवाद आहे आणि तो निरीक्षणावर उभा आहे.

पण निरीक्षणाची ही वाट पुढे सरळ गेली नाही. युरोपात १४८०च्या दशकात चेटकिणींविरुद्ध 'मॅलेउस मॅलेफिकारुम' हा कुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात पुरुषाची ताठरता घालवणं हे चेटकिणींचं काम म्हणून सांगितलं आहे. म्हणजे पुन्हा तेच. पुरुषाच्या शरीरात बिघाड आणि आरोपी बाई.

तपासणी प्रथम न्यायालयात

आता एक गंमत सांगतो, खरं तर गंमत नाही, क्रूरपणाच आहे. ही तक्रार पद्धतशीर तपासायला सुरुवात कुणी केली? डॉक्टरांच्या आधी कायद्यानं. आपल्याकडे नारदस्मृतीत षंढांचे चौदा प्रकार मोजले आहेत, लग्नाआधी पुरुषाची परीक्षा करायला सांगितली आहे, आणि त्यातले काही प्रकार बरे होऊ शकतात म्हणून किती काळ वाट पाहावी हेही दिलं आहे.

फ्रान्समध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात याचं टोक गाठलं गेलं. तिथे कॅथलिक धर्मकायद्यात घटस्फोट नव्हता, पण नवरा असमर्थ आहे असं सिद्ध झालं तर लग्न रद्द ठरे. मग सिद्ध कसं करायचं? वैद्य, शस्त्रवैद्य आणि सुईणी यांच्या देखरेखीखाली नवरा-बायकोनं प्रत्यक्ष संबंध ठेवून दाखवायचा. या परीक्षेला 'काँग्रे' म्हणत. १६५९ मध्ये मार्की द लांजे नावाचा एक सरदार या परीक्षेत सर्व पॅरिसच्या चर्चेचा विषय होऊन नापास झाला. लग्न रद्द झालं. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं आणि त्याला सात मुलं झाली! या प्रकरणानं परीक्षेची अब्रूच गेली आणि १६७७ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँनं, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं, ती बंद केली.

यातून आपण काय शिकायचं? शिकण्यासारखं असं की भीतीच्या, दडपणाच्या प्रसंगी शरीर जे करतं ते इतर वेळी करेलच असं नाही. एका दिवशीचं अपयश म्हणजे असमर्थता नव्हे. हे आज कुठल्याही डॉक्टरला मान्य आहे. पण लांजेच्या काळात ते कळायला सात मुलं जन्माला यावी लागली.

रक्त, नस आणि ग्रंथी

दरम्यान शरीररचनाशास्त्र आपल्या मार्गानं चाललं होतं. लिंग हवेनं, वायूनं फुगतं असं फार काळ मानलं जाई. लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस फाशी गेलेल्यांच्या देहांवरून नोंद केली की आत हवा नाही, रक्त आहे. पण त्याच्या वह्या शतकानुशतकं अप्रकाशित राहिल्या. १६६८ मध्ये डच वैद्य रेनियर द ग्राफ यानं पुरुषाच्या जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. त्यानं मृतदेहाच्या धमनीत पाणी सोडून ताठरता निर्माण करून दाखवली. १८६३ मध्ये जर्मनीत कॉनराड एकहार्ड यानं कुत्र्यांच्या ओटीपोटातल्या नसांना विजेचा सौम्य झटका देऊन तेच दाखवलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन गोष्टी कळल्या होत्या : काम रक्ताचं आहे आणि हुकूम नसांचा आहे.

पण दवाखान्यात या ज्ञानाचा उपयोग झाला का? नाही. तिथे त्याच काळात भलतीच भीती राज्य करत होती, वीर्यनाशाची. फ्रेंच शस्त्रवैद्य लालमाँ यानं १८३६ पासून वीर्य 'वाया जाण्यावर' मोठा ग्रंथ लिहिला आणि उपाय म्हणून मूत्रमार्ग आतून डागण्याची पद्धत प्रचारात आणली. आपल्याकडे हीच भीती 'धात जाणं' या नावानं होती आणि आहे. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिला 'धात सिंड्रोम' असं वैद्यकीय नाव दिलं. अशक्तपणा, चिंता, ताठरतेची तक्रार आणि या सगळ्याचं मूळ वीर्य जाण्यात आहे अशी रुग्णाची पक्की समजूत, असं हे चित्र.

मग आला ग्रंथींचा काळ. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. तो अर्क पाण्यातला होता. टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे त्याला जाणवलेला फरक मनाचाच असणार. १९२०च्या दशकात व्होरोनोफनं माकडांच्या वृषणांचे तुकडे माणसांत बसवले. खरं टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये वेगळं झालं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं. मग लक्षात आलं की बहुतेक रुग्णांत ते कमी नसतंच, आणि ज्यांच्यात ते खरोखर कमी आहे त्यांनाच त्याचा नीट फायदा होतो.

मनाचं राज्य

मनाकडे नीट पाहणारा एक माणूस मात्र फार आधी होऊन गेला होता. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हंटर. १७८६ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात एका रुग्णाची हकीकत आहे. या गृहस्थाला ताठरता येत नाही अशी तक्रार. हंटरनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की इतर वेळी ती येते, एका विशिष्ट स्त्रीपाशीच अडतं. हंटरनं सांगितलं, सहा रात्री तिच्याजवळ झोपायचं, पण काही झालं तरी संबंध ठेवायचा नाही. झालं असं, की 'जमेल का' ही भीती जाऊन 'वचन मोडेल की काय' ही भीती आली आणि अडचण सुटली. १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती मांडली, तिचं बीज इथे आहे.

विसाव्या शतकात मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दहातल्या नऊ रुग्णांचं कारण मनातच असतं, असं पाठ्यपुस्तकं सांगू लागली. परिणाम असा की मधुमेहाचा रुग्णही 'सगळं मनात आहे' हे ऐकून घरी परतायचा.

आपल्या मराठीत या काळात एक फार मोठं काम झालं, तेही सांगायला हवं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना थेट, शास्त्रीय उत्तरं दिली. अशा उत्तरांवरून खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड भरला, पण मासिक १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू ठेवलं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही, इथपर्यंत आपण आलो ते या वाटेनं.

झोप, सुई आणि धमनी

मन की शरीर, हे ओळखायचं कसं? त्याचं पहिलं वस्तुनिष्ठ साधन झोपेच्या अभ्यासातून आलं. १९४४ मध्ये ओलमायर आणि त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी नोंदवलं की झोपेत पुरुषाला साधारण दर ८५ मिनिटांनी ताठरता येते. १९५३ मध्ये शिकागोत स्वप्नांच्या झोपेचा, म्हणजे डोळे भराभर हलतात त्या टप्प्याचा, शोध लागला, आणि १९६५ च्या सुमारास फिशर आणि काराजान यांनी या दोन्हींचं नातं दाखवलं. तर्क सोपा होता. झोपेत दडपण नसतं. झोपेत ताठरता येत असेल तर रक्त आणि नसा ठीक आहेत. झोपेतही येत नसेल तर शरीरात शोधा.

यासाठी महागडी यंत्रं आली. पण १९८० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध झाली तिला खर्च जवळजवळ नाहीच : टपाल तिकिटांची पट्टी! रात्री झोपताना लिंगाभोवती गुंडाळून चिकटवायची. सकाळी छिद्रांच्या रेषेवर फाटलेली मिळाली तर ताठरता आली होती. अर्थात ही ढोबळ चाचणी. नैराश्य किंवा झोपेचे विकार असले तर झोपेतल्या चाचणीचा निकालही फसवा येऊ शकतो.

धमन्यांकडे लक्ष वेधलं ते फ्रेंच शल्यविशारद रेने लेरिश यानं. पोटातली मुख्य धमनी जिथे दोन पायांकडे दुभंगते तिथे ती तुंबली, तर चालताना मांड्या-पोटऱ्या दुखतात, जांघेतली नाडी लागत नाही आणि ताठरता जाते. त्यानं १९४० च्या दशकात वर्णन केलेल्या या लक्षणसमूहाला आजही त्याचंच नाव आहे.

मग १९८२ मध्ये पॅरिसचा रोनाल्ड विराग यानं दाखवलं की पापाव्हेरीन हे औषध लिंगात टोचलं की ताठरता येते. १९८३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली लास वेगासला मूत्रविकारतज्ज्ञांच्या परिषदेत बोलायला उभा राहिला. त्यानं अशाच औषधाची सुई व्याख्यानाआधी स्वतःला टोचली होती आणि परिणाम व्यासपीठावरच दाखवला! सभागृह अवाक् झालं. या प्रसंगाचे किस्से खूप सांगतात, पण त्यातलं शास्त्र महत्त्वाचं आहे. मनात काही नसताना, नुसत्या औषधानं ताठरता आली. का? कारण लिंगातला अनैच्छिक स्नायू एरवी आवळलेला असतो. तो सैल पडला की रक्त आत भरतं आणि भरलेल्या पोकळ्या बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतात. म्हणजे ताठरता येते ती स्नायू सैलावल्यामुळे. आणि भीती वाटली की काय होतं? ॲड्रेनलीन सुटतं, तो स्नायू आवळतो. मन आणि शरीर यांचं भांडण इथे बरंचसं मिटतं, कारण भीतीसुद्धा स्नायूमधूनच काम करते.

स्नायूला सैल पडायचा निरोप कोण देतं? नायट्रिक ऑक्साइड. नसांची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर ते सोडतात. १९९०च्या सुमारास इग्नारो आणि सहकाऱ्यांनी लिंगातली त्याची भूमिका दाखवली. या रेणूवरच्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला मंजुरी मिळाली. हे औषध मुळात हृदयाच्या वेदनेसाठी, अंजायनासाठी तपासलं जात होतं.

या सगळ्याच्या मध्ये, १९९२ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं 'इम्पोटन्स' हा शब्द सोडायला सांगितला आणि साधी व्याख्या दिली : समाधानकारक संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा न टिकणं. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा अभ्यास आला. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. निम्म्याहून जास्त पुरुषांना जे होतं, त्याला शिवी कशी म्हणणार?

आजची तपासणी आणि तिचं खरं महत्त्व

आता दवाखान्यात काय व्हायला हवं ते बघू. पहिलं साधन प्रश्न. तक्रार अचानक सुरू झाली की हळूहळू? पहाटे ताठरता असते का? एकट्यानं असताना असते का? अचानक सुरू झालेली, प्रसंगापुरती, पहाटे ताठरता शाबूत असलेली तक्रार मनाकडे बोट दाखवते. हळूहळू वाढत गेलेली आणि सगळीकडे सारखीच असलेली रक्तवाहिन्या-नसांकडे. हे सगळं हंटरनंही विचारलं होतंच! शिवाय तंबाखू, दारू, झोप, घरातले ताण, आणि चालू औषधं : रक्तदाबाची काही, नैराश्याची काही. १९९७ पासून पंधरा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, तिची पाच प्रश्नांची छोटी आवृत्तीही वापरतात.

मग तपासणी. रक्तदाब, कमरेचा घेर, पायांतल्या नाड्या, वृषणांचा आकार, लिंगात कुठे गाठ किंवा वाक आहे का. मग रक्त : साखर, चरबी, आणि सकाळी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. सुई देऊन केलेली डॉपलर सोनोग्राफी किंवा झोपेतली चाचणी मोजक्यांनाच लागते.

आणि आता सुरुवातीला म्हटलेली किंमत. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या ३ ते ४. एकाच प्रकारचा गाळ सगळीकडे साचत असेल तर आधी कुठली वाट अडेल? लहान. म्हणून ताठरतेची तक्रार ही अनेकदा हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन-तीन वर्षं आधी येते, असं २००३ आणि २००५ च्या अभ्यासांत दिसलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. अशा देशात पंचेचाळिशीचा माणूस लोकलच्या डब्यातली 'मर्दानी कमजोरी'ची जाहिरात वाचून पुडी घेतो, किंवा औषधाच्या दुकानातून गुपचूप गोळी आणतो, तेव्हा त्याची साखर कुणी बघत नाही, रक्तदाब कुणी मोजत नाही. शरीरानं दिलेली पूर्वसूचना फुकट जाते. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सोबत घेतलेली ही गोळी रक्तदाब इतका खाली आणू शकते की जिवावर बेततं.

कायदाही अजून पूर्ण बाहेर पडलेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झालेला नसेल तर विवाह रद्द ठरवण्याची तरतूद आहे, आणि ती हवीच, कारण त्यात अडकलेल्या स्त्रीचाही हक्क आहे. पण लैंगिक गुन्ह्यांच्या तपासात आरोपीची जी 'पुरुषत्व चाचणी' वर्षानुवर्षं होत आली, ती जुनाट पद्धत थांबवण्याच्या दिशेनं मद्रास उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये पावलं उचलली. १६७७ पासून २०२३. एवढा वेळ लागतो.

तेव्हा मंडळी, या इतिहासात प्रत्येक पिढीला एकच कारण सापडलं, चेटूक, वीर्यनाश, ग्रंथी, मन, आणि प्रत्येक वेळी ज्यांचं कारण दुसरं होतं ते रुग्ण मागे राहिले. चांगली तपासणी म्हणजे आधीच ठरवलेलं उत्तर बाजूला ठेवून विचारणं. आपल्या घरात, मित्रांत कुणाला ही तक्रार तीन महिन्यांहून जास्त असेल तर त्याला एवढंच सांगा : आधी साखर, रक्तदाब तपासून घे, डॉक्टरांशी नीट बोल, आणि शक्य असेल तर बायकोलाही सोबत ने. तिच्यापासून लपवण्यात दोघांची वर्षं जातात.

आता प्रश्न घेऊ. नाव न सांगता चिठ्ठीवर लिहून पाठवलेत तरी चालेल.